क्लेम पास झाला, तरी ८६ हजार खिशातून कसे गेले?

(सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं; नावाआधी फ्लॅट नंबर.)

ए-२०३ काका: मंडळी, आई काल घरी आली. खुब्याचं ऑपरेशन चांगलं झालं, वॉकर धरून खोलीतल्या खोलीत चालते आहे. डबे पाठवणाऱ्या, रात्री हॉस्पिटलात थांबणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. एक शंका आहे. आईची आरोग्य विमा पॉलिसी पाच लाखांची. बिल झालं ३ लाख ४० हजार. कॅशलेस मंजूर झालं, तरी ८६ हजार आम्हाला भरावे लागले. डिस्चार्जच्या घाईत कोणी नीट सांगेना. कव्हर पाच लाखांचं असताना हे असं कसं?

सी-५०१ ताई: काका, पॉलिसीत रूम रेंटला मर्यादा आहे का? आणि रूम कितीची घेतली होती?

ए-२०३ काका: विमा रकमेच्या १ टक्का लिहिलंय, म्हणजे दिवसाला ५,०००. रूम ८,००० ची होती, चार दिवस. वरचे तीन-तीन हजार आपण भरू म्हणून घेतली. बिलाचा फोटो टाकतो.

सी-५०१ ताई: बघितला. मी एका हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांच्या टेबलवर) बरीच वर्षं काम केलंय, हे बिल वाचायची सवय आहे. रूमच्या फरकाचे १२ हजार गेले, तो भाग तुम्हाला माहीतच होता. खरा फटका पुढे आहे. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली की अशा पॉलिसीत कंपनी बाकीचा खर्चही त्याच प्रमाणात कापते. ८,००० पैकी ५,००० मान्य, म्हणजे आठ आण्यांतले पाच आणे. तुमच्या बिलात सर्जन, भूल देणारे डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग असं मिळून १ लाख ६० हजार आहेत. त्यातले १ लाख दिले, ६० हजार कापले. शिवाय ग्लोव्हज, गाऊन वगैरे 'नॉन-पेएबल', म्हणजे विमा कंपनी देतच नाही अशा वस्तूंचे १४ हजार. १२ + ६० + १४, झाले ८६.

ए-२०३ काका: म्हणजे तीन हजारांनी महाग रूमपायी साठ हजार गेले! खुब्यात बसवलेल्या इम्प्लांटचे पैसे मात्र पूर्ण दिलेले दिसतात.

सी-५०१ ताई: हो, कारण औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांवर ही प्रमाणातली कपात लावता येत नाही. आयसीयूच्या चार्जेसवरही नाही. तसा विमा नियामकाचा नियम २०२० पासून आहे. तुमच्या १ लाख ३४ हजारांना म्हणूनच हात लागला नाही. कुणाच्या बिलात तिथेही कापलं असेल तर लेखी हरकत घ्या.

बी-३०२: ॲडमिशनच्या वेळी हे कुणी सांगत का नाही? माणूस त्या घडीला पेशंटकडे बघणार की कागद वाचणार?

सी-५०१ ताई: अगदी खरं आहे, आणि याचा मला तिथे काम करतानाही त्रास व्हायचा. काउंटरवर "सिंगल की डीलक्स?" एवढंच विचारतात. त्यावर आपण एकच वाक्य म्हणायचं: "पॉलिसीच्या मर्यादेत बसणारी रूम द्या, ती नसेल तर मला टीपीए डेस्कशी बोलू द्या." रूमची मर्यादा, को-पे (बिलातला आपण भरायचा वाटा) किती आणि पॉलिसी नंबर, या तीन गोष्टी घरातल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आजच टाकून ठेवा. रात्री दोन वाजता पॉलिसीची फाईल सापडत नाही.

डी-१०४ दादा: ताई, माझा प्रश्न वेगळा. बाबा ७१ वर्षांचे. हप्ता दरवर्षी वाढतोय. पॉलिसी बंद करून तेच पैसे बँकेत ठेवावेत का?

सी-५०१ ताई: दादा, बंद करू नका. बाबांना शुगर आहे ना? चालू पॉलिसीत आधीच्या आजारांचा प्रतीक्षा काळ (तोवर त्या आजारांचा क्लेम मिळत नाही) संपलेला असणार. नवी घ्यायला गेलात तर तो पुन्हा सुरू होतो, तीन वर्षांपर्यंत असू शकतो. सलग पाच वर्षं झाली की 'आधीचा आजार लपवला' म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच. ही पाच वर्षांची कमाई आहे, ती टाकून देऊ नका. कंपनी आवडत नसेल तर पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करा, झालेला काळ सोबत येतो. पण नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी हालचाल करा. आणि ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, जानेवारी २०२५ पासून. नोटीस आली की टक्के मोजा.

बी-३०२: वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. जुन्या हप्त्याशी तुलना करताना मूळ हप्ता धरा, नाहीतर वाढ लक्षातच येत नाही.

सी-५०१ ताई: बरोबर. आणि दादा, कव्हर वाढवायचं असेल तर मूळ पॉलिसी मोठी करण्यापेक्षा सुपर टॉप-अप बघा. पाच लाखांच्या पुढचा खर्च तो उचलतो, हप्ता बराच कमी असतो. 'सुपर' शब्द बघूनच घ्या. साध्या टॉप-अपमध्ये प्रत्येक ॲडमिशनचं बिल वेगळं मोजतात, सुपरमध्ये वर्षभराची बेरीज धरतात. म्हातारपणी एकाच वर्षात दोन-तीनदा ॲडमिट व्हावं लागतं, तिथे हा फरक कळतो.

ए-२०३ काका: आईला सरकारच्या मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघेल का? आमचं उत्पन्न जास्त आहे.

सी-५०१ ताई: निघेल. आधारवर वय ७० पूर्ण असलं की झालं, उत्पन्नाची अट नाही. खासगी पॉलिसी असली तरी चालतं. वर्षाला पाच लाख, पण घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून पाच. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. हॉस्पिटल योजनेत आहे का ते १४५५५ वर आधी विचारा. माझं मत: कार्ड लागो न लागो, आजच काढून ठेवा.

बी-४०४ वहिनी: ऑपरेशन कधीतरी होतं, औषधं मात्र रोजची आहेत! आमच्याकडे सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या जनऔषधी केंद्रातून आणतो, महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला. चिठ्ठीवरचं कंपनीचं नाव सोडा, आतलं औषध आणि मिलिग्रॅम बघा. टेल्मिसार्टन ४० म्हणजे ४०च. मेटफॉर्मिनच्या पुढे एसआर (हळूहळू विरघळणारी) असेल तर एसआरच घ्यायची, साधी नाही. डॉक्टरांना सांगितलं तर ते चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून देतात, आमच्या डॉक्टरांनी तरी लगेच दिलं. थायरॉईडची गोळी मात्र त्यांना न विचारता बदलू नका, ब्रँड बदलला की टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) पुन्हा करायला सांगतात.

बी-३०२: वहिनी, बिलं जपून ठेवा. सासूबाईंचा विमा नसेल आणि वय ६० च्या पुढे असेल तर तुमच्या मिस्टरांना औषधं-तपासण्यांचा खर्च आयकरात ८०डी (१९६१ च्या कायद्यातलं कलम) मध्ये ५०,००० पर्यंत दाखवता येतो. रोखीने दिलेला चालत नाही, यूपीआय किंवा कार्ड हवं. फक्त जुनी करप्रणाली घेणाऱ्यांना. घरात दिव्यांग व्यक्ती अवलंबून असेल तर ८०डीडी मध्ये ७५,००० ची वजावट, अपंगत्व तीव्र असेल तर १,२५,०००. ही ठरलेली रक्कम आहे, प्रत्यक्ष खर्च कमी झाला असला तरी तेवढीच मिळते. अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढून ठेवलेलं हवं. विंगमधल्या दोन घरांनी ते अजून काढलेलं नाही, त्यांना मी वेगळा मेसेज करते.

ए-६०१: लहान मुलांचं पण कुणीतरी बोला! पाळणाघराची फी आणि माझा पगार यांत फारसा फरक उरत नाही.

बी-३०२: तुझ्या ऑफिसात ५० पेक्षा जास्त माणसं आहेत ना? ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकाला कायद्याने बंधनकारक आहे, २०१७ पासून. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. एचआरला मेल कर, तोंडी विचारू नकोस. काहीजणी मिळून लिहिलंत तर उत्तर लवकर येतं.

डी-१०४ दादा: एक सांगू? आपले वॉचमन काका पत्नीच्या ऑपरेशनसाठी उचल मागत होते. त्यांच्यासाठी काही आहे का?

सी-५०१ ताई: आहे, आणि हे सगळ्यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचवा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत सवलत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशन कार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जायचं, बिलिंग काउंटरवर नाही. तिथे 'खाट नाही' म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. उचल देण्याआधी हे करा. मी उद्या त्यांच्याबरोबर जाते.

ए-२०३ काका: ताई, खूप उपयोग झाला. आता आईसाठी दिवसभराची बाई ठेवावी म्हणतो. ब्युरोवाले २४ तासांचीच घ्या म्हणतात.

बी-४०४ वहिनी: काका, घाई करू नका. फिजिओला पहिल्या दोन दिवसांत तुमच्यासमोर शिकवायला सांगा: पलंगावरून कसं उठवायचं, कमोडवर कसं बसवायचं. ते जमलं की सकाळची आंघोळ आणि दुपारचे काही तास एवढ्यापुरतीच मावशी लागेल. रात्री तुम्ही आहातच. आणि कमोड चेअर विकत घेऊ नका, आमची माळ्यावर पडून आहे, आत्ता पाठवते.

डी-१०४ दादा: आमच्याकडे व्हीलचेअर आहे. एअर बेडही आहे, पंप चालू आहे का बघावं लागेल.

बी-३०२: मग ज्याच्याकडे जे पडून असेल त्याने फ्लॅट नंबरसकट खाली लिहा. सोसायटी ऑफिसमधल्या मागच्या कपाटात जागा आहे, चावी माझ्याकडे. नेताना वहीत सही करायची, परत देताना डेटॉलने पुसून द्यायचं.

ए-६०१: काठी, वॉकर, नेब्युलायझर. ए-६०१.

सी-५०१ ताई: रबराची बुचं झिजलेला वॉकर कुणी देऊ नका, घसरतो. आधी नवी बुचं बसवा, मग द्या.