हाती आलेला बरा बक सोडून द्यायचा का?

जुनियाटाकाठी

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी पेनसिल्व्हेनियात रायफलनं हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्याच्या तोंडावर आमच्या शिकारी मित्रांत यंदाही तोच वाद पेटला, म्हणून इथे मांडतो. एका मित्राचं म्हणणं असं: अडीच वर्षांचा, शिंगांना आठ टोकं असलेला, दिसायला नीटस बक (म्हणजे नर हरीण) समोर आला तरी चापाला बोट लावायचं नाही. त्याला अजून दोन वर्षं वाढू द्यायचं. आणि असा बक मारणारा तो हावरट.

मला हे अजिबात पटत नाही. स्वतःच्या जमिनीवर ज्याला जे करायचं ते त्यानं करावं. आम्ही शिकार करतो ती स्टेट गेम लँडवर, म्हणजे सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या सरकारी रानात. मी सकाळी सोडलेला बक डोंगराच्या पलीकडच्या उतरणीवर दुपारच्या आत दुसऱ्या कुणाच्या टॅगवर, म्हणजे मारलेल्या हरणाला लावायच्या परवान्याच्या चिठ्ठीवर, जाऊ शकतो. या राज्यात शिकारीचं लायसन्स काढणारे आठ लाखांच्या वर आहेत, आणि दरवर्षी दीड लाखाहून जास्त शिंगवाले नर मारले जातात. एवढ्या गर्दीत ‘मी सोडला म्हणून तो मोठा होईल’ हा हिशोब बसत नाही.

शिवाय कोवळ्या नरांना वाचवायचं काम नियमानं आधीच केलंय. 2002च्या आधी इथे दिसेल तो शिंगवाला पडायचा, आणि पडलेल्यांत बहुतेक दीड वर्षांचेच असायचे. मग गेम कमिशनचे, म्हणजे राज्याच्या वन्यजीव खात्याचे, जीवशास्त्रज्ञ गॅरी आल्ट गावोगाव सभा घेत फिरले. जुन्या शिकाऱ्यांचा राग त्यांनी अंगावर घेतला, पण शिंगांच्या टोकांची अट आणलीच. राज्याच्या बऱ्याच भागात एका बाजूला किमान तीन टोकं हवीत. आज मारल्या जाणाऱ्या नरांत निम्म्याहून जास्त अडीच वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात. ज्याला वाचवायचं ठरलं होतं तो वाचला. अडीच वर्षांचा बक आता हक्काचं सावज आहे, तो मारणाऱ्याला नावं ठेवू नयेत.

आणि मटणाचं काय? रानातल्या हरणाचं मटण इथे विकायला बंदी आहे. स्वतः मारा, नाहीतर कुणी दिलं तर खा. अशा एका बकचं हाडं काढून वीस-पंचवीस किलो मटण सहज निघतं. आमच्या घरी वर्षभराचा खिमा आणि रस्सा त्यावरच होतो. एका वर्षात शिंगवाला एकच मारता येतो. तो एक टॅग घरी कोरा आणायचा तर त्याला तसंच सबळ कारण हवं.

तुमचं मत सांगा.

पाइकचा_पाहुणा

दादा, तुमचा मित्र हावरट म्हणाला ते चूक, पण बाकी तो बरोबर आहे.

मी इलिनॉयमधल्या पाइक काउंटीत चौघांबरोबर एक शेत शिकारीसाठी भाड्यानं घेतो. मका, सोयाबीन, मध्ये ओढ्याकाठची झाडी. आम्ही साडेतीन वर्षांच्या आतला नर मारत नाही. भिंतीवर मुंडकं टांगायला म्हणून नव्हे. अडीच वर्षांच्या नराची शिंगं पूर्ण वाढीच्या साधारण 60 टक्के असतात, शरीरही अजून भरायचं असतं. तरुण नर सतत कापत राहिलात तर रानात माद्या आणि पोरगेले नर एवढंच उरतं. म्हातारा, धूर्त, वाऱ्याविरुद्ध चालणारा नर तिथे दिसणारच कसा? त्याला दिसायच्या आधीच आपण संपवलेला असतो.

‘दुसरा मारेल म्हणून मीच मारतो’ हे तर मला सगळ्यात खटकतं. प्रत्येकजण हेच म्हणतो आणि म्हणूनच दुसरा मारतो. आमच्या आजूबाजूच्या शेतकऱ्यांशी आम्ही बसून बोललो. सगळे ऐकत नाहीत, पण निम्मे ऐकले तरी फरक दिसतो.

मटण हवंय ना? मादी मारा. पेनसिल्व्हेनियात माद्यांसाठी वेगळं लायसन्स मिळतं आणि गेम कमिशनलाही ते हवंच असतं. हरणं जास्त झाली की ओकची रोपं गुडघ्याच्या वर येतच नाहीत, हे तुमच्याच जंगलात जाऊन बघा. मादीचं मटण खायला कुठेही कमी नाही, आणि रटच्या, म्हणजे माजाच्या काळातल्या, धावपळीत वाळलेल्या नरापेक्षा ते मऊ लागतं, हे मी ठामपणे सांगतो.

रानवेडी

पाइकवाल्यांना नम्रपणे विचारते, चौघांनी मिळून भाडं भरणं सगळ्यांना परवडतं का? ज्याच्या हातात शेकडो एकर आहेत त्याचा नियम, नोकरीतून दोन शनिवार काढून सरकारी रानात जाणाऱ्याला कसा लावायचा? वयात आलेला नर साधारण चौरस मैलभर फिरतो, रटमध्ये त्याहूनही जास्त. तुमच्या कुंपणात तोही राहत नाही, फक्त तुमचे शेजारी ओळखीचे आहेत.

माझा मुद्दा मात्र थोडा वेगळा आहे. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. ज्युनिअर लायसन्सवाल्यांना टोकांची अट सैल आहे: एका शिंगाला दोन टोकं, किंवा तीन इंचांचं सरळ शिंग असलं तरी चालतं. हे गेम कमिशननं मुद्दाम ठेवलंय आणि फार शहाणपणानं ठेवलंय. त्या पोरानं थंडीत कुडकुडत, मोबाइल न बघता अख्खी सकाळ काढली आणि समोर सहा टोकांचा बक येऊन थांबला, तर मी त्याच्या कानात ‘सोड, लहान आहे’ म्हणू? मुळीच नाही. पहिला बक मोजपट्टीनं ठरवायचा नसतो. आणि हे फक्त मुलांनाच नाही, पन्नाशीत पहिल्यांदा रानात जाणाऱ्यालाही लागू आहे.

विस्कॉन्सिनकर

तुम्ही सगळे शिंगांवर बोलताय, मला रोगावर बोलायचंय.

आमच्याकडे माउंट होरेबजवळ 2002मध्ये सीडब्ल्यूडी सापडला. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो. हरीण झिजत जातं, लाळ गळते, चालताना तोल जातो, आणि शेवट ठरलेला असतो. उपाय नाही, लस नाही. प्रायॉन मातीतही वर्षानुवर्षं टिकतो. नैर्ऋत्य विस्कॉन्सिनच्या काही भागांत आज प्रौढ नरांपैकी तीनात एकापेक्षा जास्त बाधित निघतात.

हा रोग माद्यांपेक्षा नरांत जास्त, आणि वाढत्या वयाच्या नरांत सगळ्यात जास्त सापडतो. मोठा नर रटमध्ये लांब फिरतो, माद्यांना भेटतो, इतर नरांशी भिडतो, एकाच फांदीला दहा जण तोंड लावतात तिथे हाही लावतो. आता सांगा, रोगाच्या पट्ट्यात ‘अजून दोन वर्षं वाढू दे’ म्हणजे आपण नेमकं काय वाढवतोय?

पेनसिल्व्हेनियातही हा रोग 2012 पासून आहे. बेडफर्ड, ब्लेअर, फुल्टन, हंटिंग्डन या बाजूला कुणी शिकार करत असेल तर माझं मत स्पष्ट आहे: कायद्यात बसणारा नर आला की मारा, मुंडकं तपासणीच्या डब्यात टाका, निकाल येईपर्यंत मटण फ्रीझरमध्ये तसंच ठेवा. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित प्राण्याचं मटण खाऊ नका असंच सीडीसी ही अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था सांगते.

पाइकचा_पाहुणा

विस्कॉन्सिनकर, रोगाच्या पट्ट्यातला मुद्दा मान्य. तिथे मी वयाचा आग्रह धरणार नाही. पण जिथे रोग पोचलेला नाही तिथेही त्याचीच भीती घालून तरुण नर कापायचे, हे मान्य नाही. हरणांची संख्या आटोक्यात ठेवायची तर माद्या कमी करा, ते दोन्हीकडे लागू पडतं.

आणि वय ओळखायला जमत नाही म्हणून लोक सरसकट मारतात, असं माझं निरीक्षण आहे. ते जमतं, फक्त शिंगांवरून नजर काढायला हवी. आडव्या उभ्या बककडे बघा. दीड वर्षांचा म्हणजे मादीलाच शिंगं लावलीत असं वाटतं, मान बारीक, पाय अंगाच्या मानानं लांब. अडीच वर्षांचाही अजून उंच पायांचा, पोट वर खेचलेलं, कंबर बारीक. साडेतीनला छाती पुट्ठ्यापेक्षा खोल दिसू लागते, रटमध्ये मान फुगते, तरी मान आणि खांद्यामध्ये रेघ कळते. साडेचारच्या पुढे ती रेघच नाहीशी होते, मान सरळ छातीत उतरते, पोटाची आणि छातीची पातळी एक होते, आणि पाय आखूड वाटायला लागतात. शिंगं रुंद दिसली म्हणून नर वयस्क होत नाही.

झाडीपट्टी

मी अमेरिकेत नाही, गोंदियाकडचा आहे. आमच्याकडे 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर चितळ-सांबराच्या शिकारीचा प्रश्नच उरला नाही, त्यामुळे या वादात मी बाहेरचा. पण वाचताना एक गोष्ट राहवत नाही. वाघ किंवा रानकुत्रे कळपातून जे सापडेल ते घेतात, अनेकदा पाडस, म्हातारं, लंगडं. तुम्ही मात्र उत्तम शिंगांचा शोधून मारता. कॅनडात अल्बर्टातल्या राम माउंटन भागात बिगहॉर्न मेंढ्यांवर झालेलं संशोधन 2003मध्ये ‘नेचर’मध्ये आलं होतं: मोठ्या शिंगांचे एडके मारत राहिल्यानं पुढच्या पिढ्यांची शिंगं लहान झाली. मग मोठ्यासाठी थांबण्यात कसलं रक्षण आहे? त्यापेक्षा जुनियाटाकाठी यांचं ‘जो येईल तो’ हेच निसर्गाला जवळचं नाही का?

पाइकचा_पाहुणा

झाडीपट्टी, तुमचा प्रश्न रास्त आहे. फरक एवढाच की मेंढ्याचं शिंग आयुष्यभर तेच वाढतं आणि मोठ्या शिंगाचा तरुण एडका वंश वाढवायच्या आधीच मारला जात होता. हरणाची शिंगं दर हिवाळ्यात गळतात आणि वसंतात नव्यानं येतात. आम्ही थांबतो तेव्हा त्या नराला दोन-तीन हंगाम वंश वाढवायला मिळालेले असतात. टेक्सासच्या कोमांची रँचवर तर उलट दिशेनं, निकृष्ट शिंगांचे नर वर्षानुवर्षं वेचून मारून पाहिले, तरी कळपाच्या शिंगांत सुधारणा झाली नाही. मोकळ्या रानात बंदुकीनं वंश सुधारत नाही आणि सहजासहजी बिघडतही नाही. वय मात्र वाढवता येतं.

जुनियाटाकाठी

सहजासहजी बिघडत नाही म्हणता, मग मिसिसिपीचं बघा. तिथे 1995मध्ये राज्यभर चार टोकांची अट आली. हेतू चांगला, कोवळे नर वाचवायचे. झालं असं की दीड वर्षांतच चार टोकं आलेले जोमदार नर मारले गेले आणि खुरट्या शिंगांचे वाचले. काही भागांत पुढे त्याच पिढीची शिंगं सरासरीनं लहान भरली. हा वंशाचा दोष नव्हे, निवडीचा आहे. शेवटी टोकं मोजणं सोडून दोन शिंगांमधलं आतलं अंतर आणि मुख्य शिंगाची लांबी बघायचं ठरलं. शिकारी शिंगांकडे बघून निवड करायला लागला की त्याला नको तेच घडू शकतं, एवढंच मला म्हणायचंय.

तुमची वयाची खूण वाचली, सुंदर लिहिलीय. पण तुम्ही ज्या बकबद्दल लिहिताय तो मोकळ्या शेताच्या कडेला निवांत उभा आहे. माझा बक माउंटन लॉरेलच्या झुडपांच्या गचपणातून येतो. आधी नाक दिसतं, मग एक डोळा, मग शिंगाची फांदी आणि मागे झाडं. एका बाजूला तीन टोकं मोजून होईपर्यंत तो वळलेला असतो. तिथे पोटाची रेघ बघायला वेळ कुठून आणू? टोकं मोजणं हे कायद्याचं काम, ते मी दुर्बिणीतून खात्री झाल्याशिवाय बार टाकत नाही. त्यापुढचं वय ठरवणं म्हणजे अंदाजच.

माद्या मारा हे मान्य, मारतोच. पण मादी मारली म्हणून बकचा टॅग कोरा ठेवायला हवा, हे त्यातून निघत नाही. आणि विस्कॉन्सिनकरांनी जे लिहिलं त्यानंतर हंटिंग्डनच्या बाजूला जाणाऱ्या आमच्या मित्राला मी तो परिच्छेद तसाच पाठवणार आहे. तिथे तरी ‘दोन वर्षं दे’ म्हणणं बंद व्हायला हवं.

रानवेडी

मग यंदा अंदाजावर वाद नको. प्रत्येकानं मारलेल्या बकचा खालचा जबडा बघा. तिसरी उपदाढ तीन कप्प्यांची असेल तर तो दीड वर्षांचा, ती पडून दोन कप्प्यांची नवी, पांढरी आली असेल तर नुकताच दीड ओलांडलेला, आणि ती इतर दाढांसारखीच झिजलेली असेल तर अडीच किंवा जास्त. आपण रानात वय काय धरलं होतं ते आधी लिहून ठेवायचं, मग जबडा बघायचा. पाइकवाल्यांनीही.

विस्कॉन्सिनकर

छान. फक्त रोगाच्या पट्ट्यातून मुंडकं किंवा कणा बाहेर नेऊ नका, पेनसिल्व्हेनियात त्याला बंदी आहे. जबड्याचा फोटो तिथेच काढा, गाल कानाच्या दिशेनं चिरला की दाढा स्पष्ट दिसतात. हातमोजे घाला.

पाइकचा_पाहुणा

मी तयार आहे. आमच्या शेतावरचे मागचे जबडे कोठारात जपून ठेवलेत, त्यांचे फोटो इथेच टाकतो. जुनियाटाकाठी, तुम्ही अडीच म्हणून मारलेला दीडचा निघाला तर तुमच्या पहिल्या मुद्द्यावर पुन्हा बोलू.

जुनियाटाकाठी

बोलू. आणि तुमचा साडेचारचा म्हणून दोन हंगाम थांबलेला साडेतीनचा निघाला तर तुमच्याही.