मदत हवी आहे: मीटरवर ४८ हजार, पण गाडी खरी किती पळालीय? (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात एका जुन्या गाड्यांच्या डीलरकडे २०१७ ची डिझेल हॅचबॅक बघितलीय. एमएच ०९ पासिंग, फर्स्ट ओनर, किंमत चार लाख दहा हजार, मीटरवर ४८,००० किमी. दहा हजार टोकन देऊन बसलेय आणि आता झोप लागत नाही.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. गारगोटी ते कोल्हापूर सुमारे ५० किमी, तेवढंच परत. डायलिसिस झाल्यावर ती पार गळून जाते. तिला घेऊन वाटेत गाडी बंद पडायला नको, एवढंच मला हवंय.

शंका सर्व्हिस बुकामुळे आली. शेवटचा शिक्का जून २०१९ चा, ३९,४०० किमीला. पहिल्या दोन वर्षांत वर्षाला जवळपास वीस हजार आणि तिथून आजपर्यंत सगळे मिळून ८,६००? विचारलं तर म्हणाले, "ताई, लॉकडाऊन लागलं, डॉक्टरांची गाडी दारातच उभी होती." मला पटलंही. पण काल भावाने टायर बघितले. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन वर्ष. मागचे दोन टायर १४२१, पुढचे दोन ४०२३. दारात उभ्या गाडीला दोनदा टायर कशाला लागले? त्यात २०२३ चे पुढचे टायर आताच गुळगुळीत. क्लचच्या पेडलचं रबर झिजून खालचं लोखंड दिसतंय, सीट कव्हर मात्र कोरं करकरीत.

एमपरिवाहन या सरकारी ॲपवर मालक कितवा, विमा, पीयूसी, बोजा सगळं जुळतंय, पण रनिंग तिथे कळत नाही.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नुसता गाडी नंबर दिला तर जुन्या नोंदी सांगतात का, की मालकाची संमती लागते? माझ्या मते पक्का पुरावा म्हणजे मालकाच्या फास्टॅगचं स्टेटमेंट. किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे चार टोलनाके, म्हणजे पुण्याच्या एका फेरीला जाऊन-येऊन आठ नोंदी. दर आठवड्याला तशा दिसल्या तर लॉकडाऊनची गोष्ट तिथेच संपली. पण अनोळखी माणसाकडे ते मागायचं कसं? आणि डीलर तर आरसीची झेरॉक्ससुद्धा डिलिव्हरीच्या दिवशी देतो म्हणतोय.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मी ते दाखवा म्हटलं तर विषय बदलला. हे मला मीटरपेक्षाही जास्त खटकलं. कुणी असं पत्र प्रत्यक्ष बघितलंय का?

आमच्या गावचा मेकॅनिक म्हणतो, मीटर मागे घेताना बहुतेक वेळा क्लस्टरमधलाच, म्हणजे स्टिअरिंगसमोरच्या मीटरमधलाच आकडा बदलतात. काही गाड्यांत इंजिनच्या किंवा एबीएसच्या (ब्रेकच्या) कंप्युटरमध्येही किलोमीटर साठतात, तिथे फरक सापडतो. ते वाचणारा स्कॅनर त्याच्याकडे नाही. मीटरचा आकडा पावतीवर लिहून सही-शिक्का घेतला, तर पुढे ग्राहक आयोगात उपयोग होतो का, हेही अनुभवी लोकांनी सांगावं.

बाकीचे चार लाख शनिवारी द्यायचे ठरलेत. शुक्रवारी आईच्या डायलिसिसला आम्ही कोल्हापुरातच असू, मध्ये चार तास मिळतात. शिरोली किंवा उचगाव भागात असा स्कॅनर असलेलं गॅरेज कुणाला माहीत असेल तर कृपया सांगा. गाडी तिथवर आणू द्यायला डीलर तयार आहे.