ला मासिया पहिली, पण कोणत्या मापाने?

खेळाडू घडवणारी सर्वोत्तम फुटबॉल अकादमी कोणती, या वादात ‘ला मासिया (बार्सिलोना म्हणजे बार्सा क्लबची अकादमी) एक नंबर, बाकी सगळे नंतर’ हे मत २०१० च्या बॅलन डी'ओर या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्कारापुरतं बिनतोड आहे. पहिले तिघेही, म्हणजे मेस्सी, इनिएस्ता आणि झावी, तिथलेच. पण २०१२ मध्ये लेवान्ते क्लबविरुद्ध मैदानात बार्साचे अकराच्या अकरा खेळाडू अकादमीचे होते याचं जे कौतुक चालतं, त्यात एक गोम आहे. पिके, फाब्रेगास आणि आल्बा कोवळ्या वयातच क्लबबाहेर गेले होते. बार्साने पैसे मोजून त्यांना परत आणलं. आल्बाला तर क्लबनेच नारळ दिला होता! मग त्याला घडवल्याचं श्रेय तो नंतर जिथे खेळला त्या व्हॅलेन्सिया क्लबला नको?

पोर्तुगालच्या बेनफिका क्लबचा मामला सरळ धंद्याचा. पोरं तयार करा, विका. २०१९ मध्ये जोआओ फेलिक्स १२.६ कोटी युरोंना गेला. बर्नार्डो सिल्वा तर विकला जाण्याआधी पहिल्या संघाकडून जेमतेम खेळला.

माझं मत स्पेनच्या अ‍ॅथलेटिक बिल्बाओ क्लबच्या अकादमीला, म्हणजे लेझामाला. खेळाडू बास्क प्रदेशात जन्मलेला किंवा तिथे फुटबॉल शिकलेला हवा, ही अट पाळूनही हा क्लब ला लिगातून, म्हणजे स्पेनच्या अव्वल लीगमधून, एकदाही खाली घसरलेला नाही. रेआल माद्रिद आणि बार्सा सोडून हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, आणि त्या दोघांना अशी अट कुठे होती?