उघड्यावरचं ‘सौभद्र’ कुणी पाहिलं का?

प्रश्न: काल देवळाच्या पटांगणात ‘संगीत सौभद्र’ पाहिलं. नाटक १८८२ चं, तरी ‘नच सुंदरी करू कोपा’ला दोनदा वन्समोअर! शेजारच्या आजी डोळे मिटून मांडीवर ताल धरून होत्या. आमचे चिरंजीव मात्र, “बाबा, हे मध्येच का गातात?” तुम्हाला कसं वाटलं?

उत्तर १: गळे तयार होते, पण वाऱ्यानं माइक नुसता घोंघावत होता. ऑर्गन ऐकूच येईना.

उत्तर २: वन्समोअरपायी साडेबारा वाजले. पूर्वी रात्रभर चालायचं म्हणे. आम्हाला सकाळची लोकल असते हो!

उत्तर ३: यतिवेषातल्या अर्जुनासमोर कुत्रं येऊन बसलं, तेव्हा त्यानं त्यालाच आशीर्वाद दिला. टाळ्या तिथंच जास्त पडल्या.

प्रश्नकर्ता: ते कुत्रं आमच्याच गल्लीतलं.