मदत हवी आहे: लाकडी कयाकवर ग्लास कापड टाकण्याआधी इपॉक्सीचा हात मारावा का?

मंडळी, सीडर लाकडाच्या पट्ट्या जोडून कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) बांधतोय. हल (होडीचा मुख्य सांगाडा) घासून गुळगुळीत झालाय, आता बाहेरून 200 ग्रॅम प्रति चौरस मीटरचं ग्लास कापड (काचतंतूंचं विणलेलं) आणि इपॉक्सी (घट्ट होऊन कडक बसणारं रेझिन) चढवायचंय. इथेच अडलोय.

सीडर इपॉक्सी पिऊन टाकतं. मग आधी लाकडावर पातळ हात मारून, तो सुकल्यावर कापड अंथरावं, की कोऱ्या लाकडावरच कापड टाकून वरून भिजवावं? पहिल्या पद्धतीत कापड इपॉक्सीविना उपाशी राहून पांढरट दिसण्याची भीती कमी, पण मधलं घासकाम वाढतं, आणि खरखरीत थरावर कापड अडकतं, सरकवून सुरकुत्या काढता येत नाहीत. नमुन्याच्या फळीवर दुसरी पद्धत करून पाहिली. सकाळी तापमान चढताना लाकडातली हवा फुगून कापडाखाली मोहरीएवढे बुडबुडे आले. संध्याकाळी गारवा उतरताना एकही नाही! म्हणून माझा कल दुसऱ्या पद्धतीकडेच आहे.

नाळेच्या (होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या) टोकाला मात्र कापड वळत नाही, उचलतं. तिथे तिरकी कापलेली वेगळी पट्टी लावता का? आणि पुढचा हात पहिला थर नखाने दबतोय तेव्हाच द्यायचा, की पूर्ण कडक होऊ देऊन, इपॉक्सी कडक होताना वर येणारा मेणचट थर पाण्याने धुऊन, घासून? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.