पद्मिनीचं टायमिंग बल्बवर बरोबर, तरी चढाला नॉकिंग: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. मूळचंच १०८९ सीसीचं इंजिन, पॉइंट-कंडेन्सरवाला जुना डिल्को (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर; त्यातले पॉइंट उघडले की ठिणगी पडते). वडिलांची गाडी आहे, त्यामुळे विकायचा प्रश्नच नाही. नुसती झाकून ठेवायचीही नाही, नेहमी चालली पाहिजे.

सपाट रस्त्यावर इंजिन मऊ चालतं, आयडलिंगलाही तक्रार नाही. खंबाटकी घाटाच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की टकटक नॉकिंग सुरू. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, थोडं मागे घेतलं तर आवाज जातो, पण पिकअप मरतो आणि चढ संपेस्तोवर इंजिन तापतं. मधली जागा काही सापडत नाही.

पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून कॉम्प्रेशन स्ट्रोक पकडला, पुलीची खूण जुळवली. पॉइंटचा गॅप त्याआधीच फीलर गेजने लावला होता, कारण गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं. मग कॉइलच्या डिल्कोकडच्या टर्मिनलवरून १२ व्होल्टचा बल्ब बॉडीला जोडला, इग्निशन ऑन करून डिल्को सावकाश फिरवला आणि बल्ब पेटला तिथे क्लॅम्प आवळला. प्लगच्या वायरी १-३-४-२ अशाच आहेत.

खरी गोम स्ट्रोब लाइट (चालू इंजिनात ठिणगीसोबत चमकून पुलीची खूण दाखवणारा दिवा) लावल्यावर दिसली. आयडलिंगला खूण एका जागी थांबत नाही, थरथरते. रेस वाढवली की हळूहळू सरकायच्या ऐवजी एकदम उडी मारते.

डिल्कोचं बुश झिजलंय, रेसबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल झाल्यात की टायमिंग चेन ताणली गेलीय, हे डिल्को न उतरवता कसं ओळखायचं? ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा यात हात असेल का? पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक किट बसव असं दोघं-तिघं सांगतात. मला शक्यतो पॉइंटच ठेवायचे आहेत. रस्त्यात गाडी अडली तर पॉइंट घासून घरी तरी येता येतं.

उत्तर:

दादा, कॅप काढा आणि रोटरचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवून बघा. खुळखुळला तर बुश गेलं. खात्रीसाठी चारही कॅमवर पॉइंटचा गॅप मोजा. प्रत्येक ठिकाणी वेगळा आला तर खूण थरथरणारच. मग रोटर फिरण्याच्या दिशेने पिळून सोडा. झटकन मागे आला पाहिजे. रेंगाळला तर स्प्रिंगा थकल्यात किंवा वजनं अडकतायत. मला तुमच्या नॉकिंगचं मूळ इथेच वाटतं: स्प्रिंग सैल असली की वजनं कमी आरपीएमलाच पूर्ण उघडतात आणि ऐन चढावर गरजेपेक्षा जास्त ॲडव्हान्स मिळतो, म्हणजे ठिणगी फार लवकर पडते. बल्ब हे दाखवत नाही, तो फक्त थांबलेल्या इंजिनाचं टायमिंग सांगतो.

चेनसाठी क्रँक हाताने एका दिशेला, मग उलट फिरवा. रोटर हलायच्या आधी क्रँक बरीच फिरली तर चेन ढिली.

इथेनॉल स्वतः नॉकिंगला दाबतं, पण जुन्या जेटवर मिक्श्चर पातळ होतं. प्लग पांढरे पडले असतील तर कार्बोरेटर बघा. किटचं म्हणाल तर ते याच शाफ्टवर आणि याच वजनांवर बसतं, म्हणून आधी डिल्को दुरुस्त करा. तोवर टायमिंग थोडं मागेच ठेवा, नॉकिंगवर चढ चढवू नका. पिस्टनला ते महागात पडतं.