निर्जंतुकीकरण, जंतुनाशन की अजून काही? (एसटीपीतल्या यूव्हीवरून)

चहाबाज:
मैलापाणी प्रक्रियेवरचा एक मजकूर मराठीत करतोय, त्यात डिसइन्फेक्शन आणि स्टरिलायझेशन दोन्ही शब्द आलेत आणि आपल्याकडच्या कागदांत बघावं तर दोन्हीला सर्रास निर्जंतुकीकरणच. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेच्या भांड्यातून) काढलेल्या कात्र्या निर्जंतुक हे पटतं हो, पण एसटीपीच्या (मैलापाणी प्रक्रिया केंद्राच्या) शेवटी पाण्याला यूव्ही, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट प्रकाश, दाखवून नदीत सोडतात ते पण निर्जंतुक? आणि यूव्हीला अतिनील लिहू की जंबुपार?

उगाच_कुणीतरी:
यूव्हीच लिही की. प्रत्येक स्वयंपाकघरात भिंतीवर टांगलाय तो फिल्टर, कोणी अतिनील म्हणत नाही.

शब्दखाऊ:
शाळेच्या पुस्तकात अतिनील, विश्वकोशात जंबुपार. माझं मत जंबुपारला. व्हायोलेट म्हणजे जांभळा, निळा नव्हे, आणि पार म्हणजे पलीकडे. १८०१ साली रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने हे किरण शोधले तेच मुळी असे की सिल्व्हर क्लोराइड जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे, जास्त भरभर काळं पडलं. पण अतिनील आता रुळलाय, त्याच्याशी भांडून उपयोग नाही.

गाळवाला:
मी याच धंद्यात आहे म्हणून जरा लांबण लावतो. निर्जंतुक शब्द इथे चूकच. आपल्याकडे २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेत एसटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात १०० मिलिलिटरला फीकल कॉलिफॉर्म (विष्ठेतून येणारे जंतू) १००० च्या खाली पाहिजेत असं आहे, शून्य नाही!! आम्ही लॉगमध्ये बोलतो, थ्री लॉग म्हणजे हजारातला एक शिल्लक, आणि कच्च्या मैलापाण्यात मुळात आकडा लाखा-कोटींत असतो तेव्हा उरतातच. साधे बिनरोगाचे जंतू तर ढिगाने उरतात, त्यांचं कोणाला काही पडलेलं नसतं.

दुसरं म्हणजे जंतुनाशन पण धड बसत नाही. २५४ नॅनोमीटरचा प्रकाश जंतूच्या डीएनएत शिरतो आणि शेजारशेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या साखळीतला एक घटक) एकमेकांना चिकटवून टाकतो, मग त्या डीएनएची नक्कल होत नाही आणि जंतूची पिलावळ थांबते. जंतू लगेच मरतो असं नाही, तसाच तरंगत राहतो, फक्त वाढत नाही आणि आजार करत नाही. डोस कमी पडला आणि पुढे पाणी उन्हात उघडं राहिलं तर काही बॅक्टेरिया तो चिकटा सोडवून परत कामाला लागतात, त्यांच्याकडे त्यासाठी एन्झाइमच असतं. म्हणून इंग्रजीत पण आमचे लोक किल न म्हणता इनॅक्टिव्हेट म्हणतात.

आणि हे सगळं पाणी नितळ असेल तर. गाळ असला की जंतू त्या कणांच्या सावलीत मजेत बसतात. दिव्यावरची नळी क्वार्ट्झची लागते कारण साध्या काचेतून २५४ जातच नाही, त्या नळीवर लोह नि कॅल्शियमचा थर चढला की दिवा जळतोय पण उजेड पाण्यात नाही. बिल मात्र येतं.

लेकशोर:
आमच्या शिकागोत याचं चांगलं उदाहरण आहे. इथे वर्षानुवर्षं प्रक्रिया केलेलं पाणी डिसइन्फेक्ट न करताच नदीत सोडायचे, कारण नदीत कोणी उतरत नाही असं धरलेलं. मग लोक कयाक घेऊन उतरायला लागले. उत्तरेकडच्या ओब्रायन प्लांटला २०१६ मध्ये यूव्ही आलं, दक्षिणेच्या कॅल्युमेटला मात्र क्लोरीन, आणि वर परत ते क्लोरीन काढून टाकायचा टप्पा, नाहीतर नदीतले मासे जातात. मजा म्हणजे हे पण बारमाही नाही, मार्च ते नोव्हेंबरच. थंडीत पोहतंय कोण! आता याला निर्जंतुक नदी म्हणणार का?

शब्दखाऊ:
गाळवाला, तुमचं वाचून वाटतं की नेमका शब्द महापालिकेकडेच आहे, पण कुत्र्यांच्या खात्यात. निर्बीजीकरण! मारायचं नाही, पिल्लं होऊ द्यायची नाहीत, तसंच सोडून द्यायचं 😄 इंग्रजीत स्टरिलायझेशनचे दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबलेत, आपल्याकडे वेगळे आहेत तर वापरा की.

चहाबाज:
हाहा, पण "मैलापाण्याचे निर्बीजीकरण" छापलं तर संपादक मला घरी पाठवेल. आणि त्याच परिच्छेदात क्लोरीन पण आहे, ते तर खरंच मारतं ना?

गाळवाला:
हो, ते पेशीचं आवरण, प्रथिनं सगळंच जाळतं. पण क्लोरीनला अर्धा तास टाकीत पाणी थांबवावं लागतं, यूव्हीचं काम काही सेकंदांत. आणि क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनला दाद देत नाही, यूव्हीला थोडक्या डोसात गार होतो. ॲडेनोव्हायरसचं बरोब्बर उलटं. दोन्हीला एकच शब्द हवा तर "रोगजंतू-नियंत्रण" लिहा, आणि यूव्हीपाशी एकदा "निष्क्रिय करणे" येऊ द्या.

शब्दखाऊ:
नियंत्रण फार सरकारी झालं. "रोगजंतू निष्प्रभ करणे" दोन्हीला चालतं, मेला काय नि वांझ झाला काय, निष्प्रभच. आणि निर्जंतुकीकरण फक्त कात्र्यांना.

चहाबाज:
निष्प्रभ घेतो. अतिनील पहिल्या वेळी, पुढे यूव्ही.

उगाच_कुणीतरी:
म्हणजे मी म्हणालो तेच.